नरकासुराच्या रात्रीनंतरचा भैरव

आश्विन वद्य त्रयोदशीची रात्र ही गोव्यातील पेडणे महालात झोपेची रात्र नव्हे. बांबूच्या कामट्या, गवत आणि रद्दी कागद यांतून वाड्यावाड्यावरच्या मुलांनी कित्येक दिवस खपून उभारलेले नरकासुर त्या रात्री रस्त्यावर येतात, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात माणसाच्या उंचीच्या ध्वनिक्षेपकांची जी भिंत रचलेली असते, तिच्यातून सुटणारा खर्जाचा आघात खिडक्यांची तावदाने आणि ऐकणाऱ्याच्या बरगड्या एकाच लयीत हादरवीत पहाटेपर्यंत चालू राहतो. मग नरकासुराचे दहन होते, अंगणात तुळशीपुढे कारीट चिरडले जाते, अभ्यंगस्नान आटोपून नाना प्रकारच्या पोह्यांची पाने मांडली जातात, आणि रात्रभर छळलेल्या कानांवर अशी काही निःशब्दता उतरते की शापोरा नदीवरून येणाऱ्या वाऱ्याने हलणाऱ्या माडाच्या झावळ्यादेखील एकेक वेगळ्या ऐकू याव्यात.

गेल्या दिवाळीत त्या निःशब्दतेतच आमच्या हळर्णच्या घरी, सोप्यावर बसून, मी एक ध्वनिमुद्रिका लावली. भजनी मंडळात आयुष्यभर पखवाज वाजविलेले आणि साऱ्या वाड्याने ‘आबा’ म्हणून मानलेले एक वृद्ध गृहस्थ पोहे खावयास आले होते. रात्रीच्या धुमश्चक्रीला कंटाळलेले आबा यंत्राचा ठोका ऐकताच उठून जातील अशी मला भीती होती. परंतु ठोक्यावर कोमल ऋषभ आला, कोमल धैवत आला, आणि आबांचा पानाकडे जाणारा हात थबकला. भैरव आहे, असे ते म्हणाले. वाजविणारा कोण, तबल्यावर कोण, अशी चौकशी त्यांनी केली; तबल्यावर कोणीच नाही, ताल यंत्राचा आहे, हे कळल्यावर थोडा वेळ ऐकून त्यांनी आपला अभिप्राय दिला, तो असा की हा ताल चुकत नाही खरा, पण श्वासही घेत नाही; मात्र वर जो स्वर चालला आहे तो घेणाऱ्याला राग ठाऊक आहे. आणि त्यांनी पुढचा राग लावावयास सांगितला.

या एका प्रसंगातून प्रस्तुत लेख निघाला आहे. विद्युत्‌यंत्रांनी निर्माण केलेले संगीत म्हणजे किनाऱ्यावरचा धुमाकूळ, आणि तो परदेशी लोकांनी आणलेला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धी खरी आणि अर्धी अन्यायाची आहे, असे मला वाटते. आणि अन्यायाचा तो अर्धा भाग दूर करण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो म्हणजे रात्रीच्या गोंगाटावरून या कलेचा निवाडा न करता तिच्यातील काही निवडक ध्वनिमुद्रिका स्वस्थ चित्ताने ऐकणे.

नाव घेऊन गेलेले

हळर्ण गाव शापोऱ्याच्या काठी आहे. वर दोडामार्गाकडे जिला तिळारी म्हणतात तीच ही नदी. काठावरचा जांभ्या दगडाचा किल्ला वाडीकर सावंत भोसल्यांचा. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मैदा याने तो जिंकला, आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला लिस्बनच्या राजाकडून ‘मार्केझ द आलोर्न’ असा किताब मिळाला. पुढे हा किताब वंशपरंपरेने चालला. त्याची नात लिओनोर द आल्मैदा ही मोठी कवयित्री झाली आणि पोर्तुगीज वाङ्मयाच्या इतिहासात ‘मार्केझा द आलोर्न’ याच नावाने अमर झाली. म्हणजे आमच्या गावाचे नाव पोर्तुगालच्या काव्येतिहासात अडीचशे वर्षे नांदत आहे, परंतु त्या काव्यात आमची नदी नाही, आमचे माड नाहीत, आणि पेडणे महाल तर 1788 पर्यंत कायमचा पोर्तुगीज अमलाखाली गेलाही नव्हता. नाव तेवढे गेले.

‘गोवा ट्रान्स’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या संगीताची कैफियत याहून फारशी निराळी नाही. 1970 च्या आगेमागे युरोप-अमेरिकेतून निघालेले भटके तरुण हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर स्थिरावले. त्यांच्यातलाच एक गिल्बर्ट लेव्ही, कॅलिफोर्नियात 1951 साली जन्मलेला, पुढे ‘गोवा गिल’ म्हणून प्रसिद्धी पावला आणि 2023 च्या ऑक्टोबरात गोव्यातच निवर्तला. प्रथम गिटार व ढोल यांवर चालणाऱ्या या पौर्णिमेच्या मेळाव्यांत 1980 नंतरच्या दशकात यंत्रसंगीत शिरले. युरोपातून मागविलेल्या कॅसेटींवरच्या गाण्यांतील शब्द कापून टाकून केवळ लय आणि स्वरावर्तने शिल्लक ठेवावयाची, आणि ती रात्रभर एकापुढे एक जोडीत न्यावयाची, अशी तेथील रीत पडली. तबकड्या उष्म्याने वाकत आणि धुळीने खराब होत, म्हणून वाजविणारे कॅसेटवर आणि नंतर ‘डॅट’ नावाच्या डिजिटल फितीवर विसंबले. या फितीची गती हाताने कमीजास्त करता येत नसे, त्यामुळे एका रचनेचा ठोका दुसरीच्या ठोक्याशी जुळविणे अशक्य होते. यास्तव रचनाकारांनी आपल्या रचनांचे प्रारंभ आणि शेवट तालविरहित, नुसत्या तरंगत्या स्वरांचे ठेवण्यास सुरुवात केली. ख्यालापूर्वीच्या आलापीची आठवण करून देणारी ही सोय सौंदर्यदृष्टीतून जेवढी आली, तेवढीच यंत्राच्या मर्यादेतून आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1993 च्या सुमारास लंडनमध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’सारख्या संस्था या संगीताच्या तबकड्या काढू लागल्या, आणि गोव्याचे नाव एका संगीतप्रकाराचे नाव झाले. त्यांतील आवर्जून ऐकाव्यात अशा तीन मी सांगेन. सायमन पॉसफर्डने ‘हॅलुसिनोजेन’ या नावाने 1995 साली काढलेली ‘ट्विस्टेड’ ही तालाच्या अखंड प्रवाहावर स्वराकृतींची वेलबुट्टी किती सूक्ष्म काढता येते याचा नमुना आहे. ‘जुनो रिअ‍ॅक्टर’ची त्याच वर्षीची ‘बियाँड द इन्फिनिट’ अधिक गंभीर, अधिक अंधारी आहे. आणि पॉसफर्ड व ऑस्ट्रेलियन बासरीवादक राजा राम यांनी ‘श्पाँगल’ या नावाने 1998 मध्ये काढलेली ‘आर यू श्पाँगल्ड?’, जिच्या मुळाशी भारतात पाहिलेल्या एका सूर्यग्रहणाची स्मृती आहे, ती तर नाचण्यासाठी नव्हे, बसून ऐकण्यासाठीच केलेली आहे. तीनही गुणवान आहेत, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. तथापि ज्या भूमीच्या नावाने हा प्रकार चालला, त्या भूमीतले घुमट हे तालवाद्य त्यांत नाही, त्याच्या जोडीचे शामेळ नाही, दशावतारी काल्यातल्या हार्मोनियमची धून नाही. हणजुण्यातून हा मेळावा शापोरा ओलांडून मोरजी, मांद्रे, हरमल असा पेडणे महालात आला. एका हाकेच्या अंतरावर भजनी सप्ताहातला पखवाज घुमत होता. त्या हाकेला ओ मात्र कोणी दिली नाही.

आपल्या अंगणातले आरंभ

परंतु हे संगीत परकीयांनीच आपल्या दारी आणले, या समजुतीला दोन दस्तऐवज छेद देतात, आणि दोन्ही गेल्या पंधरा-वीस वर्षांतच पुन्हा उजेडात आले आहेत.

पहिला अहमदाबादचा. 1961 साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एनआयडीत, 1969 मध्ये न्यूयॉर्कचा संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने एक मूग सिंथेसायझर उभा करून ध्वनिशाळा थाटली. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. पखवाज वाजविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ त्यांनीच दिले होते, आणि संगीताचे प्रयोजन चित्त शांत करणे हे आहे, ही आपल्या परंपरेतली धारणा केजने त्यांच्याकडूनच घेऊन आयुष्यभर सांगितली. त्या ध्वनिशाळेत 1972 पर्यंत भारतीय तरुणांनी जे प्रयोग केले त्यांच्या फिती संस्थेच्या संग्रहात विस्मृत पडून होत्या. ब्रिटनमधील कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि 2023 साली ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात आय. एस. माथूर यांची पक्ष्यांच्या आवाजांवरची रचना आहे, अतुल देसाई आणि एस. सी. शर्मा यांचे प्रयोग आहेत, जिनराज जोशीपुरा यांची अवकाशयानाची कल्पनासृष्टी आहे, आणि स्वतः गीताबेनची रचना आहे. हे ऐकताना गाणे ऐकल्याचा आनंद मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. यात चाचपडणे आहे, यंत्र काय बोलते ते प्रथमच कान देऊन ऐकणाऱ्यांचे कुतूहल आहे. परंतु चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी या देशात एक पखवाजवादिनी यंत्राच्या नादाकडे इतक्या गांभीर्याने पाहत होती, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात लिहिली गेलीच पाहिजे.

दुसरा दस्तऐवज मुंबईचा, आणि आबांना मी ऐकविला तो हाच. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे वादक. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे, एक ज्युपिटर-8 सिंथेसायझर, एक टीआर-808 तालयंत्र आणि एक टीबी-303 खर्जयंत्र, एकमेकांस जोडून त्यांनी 1982 साली ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका मुंबईत केली. पहिल्या बाजूवर भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसरीवर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. ती विकली गेली नाही आणि विसरली गेली. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या काही तरुणांनी त्याच 303 यंत्रातून काढलेल्या नादावर ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे युग सुरू झाले. आणि 2010 मध्ये हॉलंडमधील एका छोट्या संस्थेने चरणजीत सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा तो नाद मुंबईत पाच वर्षे आधीच वाजून गेला होता, हे पाहून जग थक्क झाले. शिकागोवाल्यांनी ती ऐकली नव्हती, आणि सिंगांना कोणत्याही युगाचे प्रवर्तन करावयाचे नव्हते. त्यांना केवळ राग नव्या वाद्यावर वाजवावयाचे होते. 2015 साली ते मुंबईतच वारले.

घुमटाचा डावा हात

303 या यंत्राशी रागाचे इतके का जमले, याचा उलगडा मला घुमटाने केला. गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढलेले ते खर्जयंत्र विक्रीत पडले आणि 1984 च्या सुमारास बंद झाले. पण त्यात दोन गुण होते. एक, एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाण्याची सोय, म्हणजे ओबडधोबड का होईना, मींड. दुसरा, नादाचे तोंड उघडण्या-मिटण्याची कळ: ती फिरविली की तोच स्वर दबका, बंदिस्त, मग हळूहळू उघडा आणि झणझणीत होतो. चतुर्थीच्या आरतीत घुमट वाजविणाऱ्याकडे नीट पाहावे. मातीच्या त्या भांड्याच्या एका मुखावर चामडे असते, दुसरे मुख मोकळे. उजवा हात चामड्यावर आघात करतो आणि डावा तळवा मोकळ्या मुखावर उघडमीट करीत त्याच आघाताचा नाद घडवितो, वाकवितो. जपानी अभियंत्यांनी कळीत घातलेले काम आमच्या वाजंत्र्यांचा डावा तळवा पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. घोरपडीच्या चामड्यावर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आल्यावर शेळीचे चामडे वापरात आले, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा दर्जा दिला. पण या यंत्रयुगाशी त्याचे जे सख्खे नाते आहे, त्याची नोंद अद्याप कोणी घेतलेली नाही.

तालाच्या बाबतीतही तेच. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून सर्व समेवर आणणारे लयीचे महापंडित खाप्रुमाम पर्वतकर या गोव्याच्याच मातीतले. आज संगणकावर चार तालांची चार आवर्तने चार ओळींत मांडून ती एकत्र केव्हा येतात हे पाहणारा तरुण जे करतो, ते त्यांनी देहाने केले. यंत्राला आपण परके मानतो, परंतु त्याच्या पोटात जे गणित आहे ते आपल्या देवळांच्या चौकांत वाजून गेलेले आहे.

एक कटू गोष्टही येथेच नमूद केली पाहिजे. चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात मुंबईतील वाद्यवृंद उभे राहिले ते मोठ्या अंशी गोमंतकीयांच्या व्हायोलिनांवर व तुताऱ्यांवर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, स्वरलेखनाचे जाणते सेबेस्टियन डिसोझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावे. 1980 नंतर एका सिंथेसायझरवर साठ व्हायोलिनांचा भास निर्माण होऊ लागला, आणि चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईस गेलेल्या कित्येक वादकांची रोजी गेली. यंत्राचे गुणगान करणाऱ्याने हा हिशेब चुकता केल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझे उत्तर एवढेच की माणसाची नक्कल करणारे यंत्र आणि स्वतःचा नाद बोलणारे यंत्र यांत भेद आहे. पहिल्याने माणसे विस्थापित केली, दुसऱ्याने नवे काही दिले, आणि ऐकण्यासारखे जे आहे ते सारे दुसऱ्या प्रकारातले आहे.

अलीकडचे, ऐकावे असे

या दुसऱ्या प्रकारातील अलीकडच्या कृतींत अग्रस्थान मी आरुषी जैन यांना देईन. दिल्लीत वाढलेल्या आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला संगणकशास्त्र शिकलेल्या या कलावतीने सुट्या विद्युत्‌मंडलांच्या जोडणीचा सिंथेसायझर आणि हिंदुस्थानी गायकी यांचा संसार मांडला आहे. 2021 ची ‘अंडर द लायलॅक स्काय’ सूर्यास्ताच्या वेळेसाठी आहे, आणि ती त्याच वेळी ऐकावी. किल्ल्यावरून शापोऱ्याचे पाणी तांबूस होत जाताना मी ती ऐकली, आणि प्रहर पाळून राग ऐकण्याची आपली जुनी शिस्त एका यंत्राने मला परत दिली. 2024 ची ‘डिलाइट’ बागेश्रीवर आधारलेली आहे. आबांच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे: या संगीतात ठोक्याची सक्ती नाही, स्वर वाढतो, थांबतो, विरतो, येथे यंत्र श्वास घेते.

दुसरी ‘फोर टेट’ या नावाने संगीतरचना करणाऱ्या कीरन हेब्डन यांची 2015 ची ‘मॉर्निंग/इव्हनिंग’. सुमारे वीस-वीस मिनिटांच्या दोनच रचना, एक सकाळची, एक संध्याकाळची. आणि सकाळच्या रचनेत यंत्राच्या संथ ठोक्यावर लता मंगेशकरांचा आवाज दुरून येऊन तरंगत राहतो. जिच्या पित्याचे घराणे मंगेशीच्या देवळाशी बांधलेले, तिचा स्वर इतक्या आदराने, कोठेही ओरबाडल्याची खूण न ठेवता हाताळला गेला, हे पाहून संतोष होतो. गोवा ट्रान्सच्या शेकडो तबकड्यांवर गोव्याचे नाव आहे. गोव्याशी नाते सांगणारा कंठ मात्र ज्या तबकडीवर गोव्याचे नाव नाही अशा या एकीत आहे.

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. अमेरिकेत वाढलेले तबला व ड्रमवादक कर्ष काळे यांची ‘रिअलाइज’ (2001) हाताचा तबला आणि यंत्राचा ताल यांचा संवाद म्हणून अजूनही ताजी आहे. त्रिलोक गुर्टू आणि रॉबर्ट माइल्स यांची ‘माइल्स गुर्टू’ (2004) हीही त्याच वाटेवरची. त्रिलोक हे शोभा गुर्टूंचे पुत्र आणि मेनकाबाई शिरोडकरांचे नातू, म्हणजे गोव्याच्या कलावंत घराण्याची ही तिसरी पिढी यंत्राशी बरोबरीच्या नात्याने बोलते. मुंबईच्या सानाया अर्देशीर यांनी ‘सँड्यून्स’ या नावाने काढलेली ‘द ग्राउंड बिनीथ हर फीट’ (2022) संध्याकाळच्या निवांत वेळेस योग्य आहे.

गोंगाट आणि संगीत

आता गोंगाटाविषयी. कायदा स्पष्ट आहे: 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने या मनाईस बळकटी दिली आहे. 2007 मध्ये कांदोळीला सुरू झालेला सनबर्न महोत्सव मधली काही वर्षे पुण्यास जाऊन आला आणि 2024 च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यात धारगळला भरला; तेव्हा गावात दुफळी माजली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांनी विरोध केला त्यांच्या झोपेचा, गुराढोरांचा, आजाऱ्यांचा कैवार मी निःसंकोच घेतो. परंतु तोच न्याय आपल्या नरकासुरालाही लागू केला पाहिजे. पाहुण्याचा ठोका तेवढा उपद्रव आणि आपला ठोका तेवढा उत्सव, हा न्याय नव्हे. ज्या संगीताला ऐकणाऱ्याची संमती लागत नाही ते कोणाचेही असो, गोंगाटच होय. आणि ज्याच्यापुढे माणूस आपण होऊन बसतो ते यंत्राचे असले तरी संगीतच होय. माझ्या लेखी दोहोंतील सीमा ही आहे.

पेडणे-डिचोलीच्या ज्या मुलांच्या हाती आज संगणक आहे, त्यांच्यापाशी माझे एक मागणे आहे. घुमटाचा डावा तळवा, शामेळाची टिपरी, कासाळ्यांचा झणत्कार, काल्यातली हार्मोनियम, पेडण्याच्या पुनवेचा ढोल, हे सारे वाजविणारे हात अजून आहेत तोवर स्वच्छ ध्वनिमुद्रित करा. वाजविणाऱ्याचे नाव नोंदवा, त्याची परवानगी घ्या, त्याला मोबदला द्या. आणि मग त्यावर आपली रचना उभारा. एकदा आमच्या गावाचे नाव लिस्बनला गेले, दुसऱ्यांदा आमच्या प्रदेशाचे नाव लंडनला गेले. तिसऱ्या वेळी नावाबरोबर नादही जावा.

आणि वाचकांस विनंती अशी की यंदा नरकासुर जळून राख झाल्यावर, पोह्यांचे पान पुढे असताना, घरातल्या थोरामोठ्यांना जवळ बसवून चरणजीत सिंगांचा भैरव लावावा. आवाज लहान ठेवावा. शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये, इतका.